वाचकांचे प्रश्न : जूनचा खर्च, दिवाळीचा पैसा

या महिन्याच्या पत्रांत बियाणं आहे, तेलाचा पुडा आहे, खताची थैली आहे, हप्त्याचं कर्ज आहे. विषय वेगवेगळे, पण बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे "उधारीवर घेतलं" असं लिहिलेलं आहेच. आपल्याकडे खर्च जूनमध्ये सुरू होतो आणि सोयाबीन-कापसाचा पैसा दसरा-दिवाळीनंतर हाती येतो. मधले चार-पाच महिने वावर, घर, शाळा, दवाखाना सगळं कुणाच्या तरी वहीवर चालतं. ज्याच्या वहीत आपलं नाव, त्याच्यासमोर भाव विचारायची हिंमत होत नाही. बचत गटाचे हिशेब लिहिताना मी वर्षानुवर्षं हेच पाहत आले. वस्तू महाग पडते ती बहुतेक वेळा आपण ती कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या पैशाने घेतो त्यामुळे. तेवढं डोक्यात ठेवून पत्रं वाचा.

प्रश्न : ताई, जूनच्या शेवटी जवळच्या कृषी केंद्रातून सोयाबीनच्या चार थैल्या उधारीवर आणल्या. निम्म्याहून जास्त बी निघालंच नाही. दुकानदार म्हणतो, तुम्ही खोल पेरलं, वरून पाऊस दडपून गेला. माझ्याजवळ साध्या कागदाची चिठ्ठी आहे, पक्की पावती नाही. दुबार पेरणीचं बीसुद्धा त्याच्याकडूनच आणलं, तेही उधार. आता काही होऊ शकते का?
— एक कास्तकार, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : होऊ शकते, भाऊ. आधी हातात काय आहे ते पाहा. चिठ्ठी साधी का असेना, तिच्यावर दुकानदाराचं अक्षर आहे, तारीख आहे, थैल्यांचा आकडा आहे. ती जपा. रिकाम्या थैल्या फेकल्या नसतील तर फारच चांगलं. थैलीला शिवलेल्या टॅगवर लॉट नंबर (बी कोणत्या खेपेचं ते सांगणारा आकडा) असतो आणि सगळी तक्रार त्या नंबरावर उभी राहते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. पेरणीच्या गडबडीत थैलीचं पायपुसणं होतं आणि टॅग चुलीत जातो, हे दर पावसाळ्यात घरोघरी होतं. शेजारच्या धुऱ्यावर (बांधाला लागून) कुणी त्याच लॉटचं बी पेरलं असेल आणि त्याचंही निघालं नसेल, तर मिळून अर्ज करा. एकाने खोल पेरलं असं म्हणता येतं. पाच-सहा जणांनी एकाच मोसमात आपापल्या वावरात खोल पेरलं, असं म्हणणं दुकानदाराला जड जातं.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावाने करा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन उगवण पाहते आणि पंचनामा करते. हा पंचनामा दुबार पेरणीच्या आधी झालेला बरा. तुम्ही वावर मोडून पुन्हा पेरलं, कारण समितीची वाट पाहत बसलं तर मोसम हातचा जातो. ते बरोबरच केलं. मोबाइलमध्ये त्या वेळचे फोटो असतील तर अर्जाला जोडा. बाकीच्या वाचकांना सांगते, वावर मोडायचंच असेल तर धुऱ्याकडच्या चार ओळी तशाच राहू द्या. तेवढा पुरावा उभा राहतो.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असो. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील दिलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे तुमच्यापाशी अजून वेळ आहे. शेतकरी बियाणं धंद्यासाठी घेतो, म्हणून तो ग्राहक नाही, असं बियाणे कंपन्या पूर्वी कोर्टात सांगत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते खोडून काढलं. शेतकरी ग्राहकच आहे, आणि आणलेलं सगळं बी तो पेरून टाकणार, तपासणीसाठी नमुना बाजूला ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हे आपल्या बाजूचं फार मोठं काम झालेलं आहे. गावागावात ते माहीत असायला हवं.

आता पुढच्या वर्षाचं. सोयाबीनचं बी दरवर्षी विकत घ्यायची गरजच नाही. हे सरळ वाण आहे, संकरित कापसासारखं नाही. एकदा चांगलं प्रमाणित बी आणलं की त्याच्या पिकातून निवडून ठेवलेलं बी पुढची दोन-तीन वर्षं चालतं. फक्त त्याची साल फार नाजूक असते. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवायचा, पोती आपटायची नाहीत, उंच थप्पी लावायची नाही. आणि मे महिन्यात उगवण पाहायची. ज्यूटच्या जुन्या पोत्याचा तुकडा धुऊन ओला करा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा. निवडून चांगलेच दाणे घेऊ नका, मूठभर घ्या आणि जसे येतील तसे मांडा. वरून दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळी करा, सुतळीने सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून निकोप कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर बी पेरायच्या लायकीचं. साठ-पासष्ट निघाले तर एकरी बी वाढवा. त्याखाली असेल तर ते बी तेलाच्या गिरणीला जाऊ द्या. अशा तीन-चार गुंडाळ्या करा, म्हणजे एका पोत्यातला फरक दुसऱ्यात कळतो. विकतच्या थैलीचीसुद्धा अशीच परीक्षा घ्या, पण त्यासाठी थैली मे महिन्यातच घरी आलेली पाहिजे. पेरणीच्या आदल्या दिवशी उधारीवर आणलेल्या थैलीची परीक्षा कोण घेणार?

पेरताना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जाऊ द्या, आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको. हे पाळलं असेल तर "तुम्ही खोल पेरलं" याला तोंडावर उत्तर देता येतं.

तुमच्या पत्रातलं दुबार पेरणीचं वाक्य मला जास्त लागलं. ज्याच्या बियाण्याने नुकसान झालं, दुबार पेरणीला त्याच्याच दारात जावं लागलं. त्याबद्दल खाली समुद्रपूरच्या पत्रात लिहिते.

प्रश्न : एस.टी. स्टँडवर २० रुपये छापलेली पाण्याची बाटली २५ ला देतात. "थंड करायचा खर्च" म्हणतात. हे चालते का?
— कॉलेजची विद्यार्थिनी, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही चालत. छापील किमतीत सगळे कर आणि दुकानदाराचा नफा धरलेला असतो. थंड केलं म्हणून वरचे पाच रुपये घेता येत नाहीत. हॉटेलात टेबलावर बसून मागवलं तर तो हिशेब वेगळा, स्टँडवरच्या स्टॉलला तो लागू नाही. बाटलीचा, स्टॉलच्या पाटीचा फोटो काढा, शक्य तर पैसे फोनवरून द्या म्हणजे २५ चा पुरावा राहतो, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) कार्यालयातही तक्रार घेतात. मे महिन्याच्या उन्हात लेकरू पाणी मागतं तेव्हा कुणी वाद घालत नाही, आणि स्टॉलवाल्याला ते पक्कं माहीत असतं. म्हणून ज्याला वेळ आहे त्याने नक्की तक्रार करावी.

प्रश्न : ताई, तेलाचा पुडा आधी आठ-नऊ दिवस जायचा, आता सहाव्या-सातव्या दिवशीच संपते. घरात माणसं तेवढीच. भाव वाढला ते समजते, पण तेल कमी कसं झालं? सासूबाई म्हणतात माझाच हात सैल आहे.
— अंगणवाडी मदतनीस, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. तुमचा हात सैल झालेला नाही, पुडा हलका झाला आहे.

पूर्वी तेल, साबण, चहा, बिस्किटं अशा काही वस्तू ठरावीक मापातच बांधायचा नियम होता. काही वर्षांपूर्वी ती मापांची यादी काढून टाकली. आता कंपनी पाहिजे त्या वजनाचा पुडा बांधू शकते, फक्त वजन छापलं पाहिजे. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तेवढ्याच आकाराच्या दिसणाऱ्या पुड्यात आता ८५०, ८००, ७५० ग्रॅमही असतं. पुढच्या बाजूला सूर्यफुलाचं मोठं फूल आणि मागच्या शिवणीजवळ, घडीत दबलेल्या जागी, "निव्वळ वजन". दुकानात उभं राहून पुडा ताणून धरल्याशिवाय तो आकडा दिसत नाही. चष्मा लागलेल्या बाईने तो कसा वाचावा? कायद्याने छापलं आहे, हे खरं. पण वाचता येईल असं छापलं पाहिजे हे मी प्रत्येक सभेत बोलते आणि बोलत राहीन.

भाव कसा पाहायचा ते सांगते. समजा एक पुडा ८४० ग्रॅमचा १३० रुपयांना आणि दुसरा ९१० ग्रॅमचा १३८ रुपयांना. हात १३० कडे जातो. पण शंभर ग्रॅमला पहिला पडतो १५ रुपये ४८ पैसे, दुसरा १५ रुपये १६ पैसे. स्वस्त दिसणारा पुडा महाग निघाला. हा हिशेब डोक्यात होत नसेल तरी हरकत नाही. प्रत्येक ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पुड्यावर छापणं आता बंधनकारक आहे, किमतीच्या जवळच तो बारीक आकडा असतो. दोन पुड्यांचा तोच आकडा शेजारी धरून पाहा.

पंधराचा डबा घेत असाल तर आणखी एक. काही डब्यांवर १५ किलो असतं, काहींवर १५ लिटर. दिसायला दोन्ही सारखेच. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं. म्हणजे जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. आमच्या गटातल्या बाया पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आधी मिळून डबे आणतात आणि वाटून घेतात. वाटताना काट्यावरच वाटतात, मापाने नाही, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत.

आता कुणी म्हणेल, ज्या बाया दहा रुपयांची तेलाची पुडी, दोन रुपयांचा शॅम्पू घेतात त्यांना हिशेब कळत नाही. मला हे बोलणं सहन होत नाही. निंदणाला जाणाऱ्या बाईची रोजी संध्याकाळी हाती येते, त्यातच रात्रीचं तेल, तिखट, चहापत्ती आणायची असते. डबा स्वस्त पडतो हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिच्याजवळ एकाच वेळी डब्याचे पैसे नसतात. तिच्यासाठी उपाय एकच, चार-सहा जणींनी आठवड्याला थोडे थोडे पैसे गटात टाकून महिन्याच्या शेवटी मोठं माप आणायचं. पुड्यांपुरतं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. पाच-दहा रुपयांच्या पुडीचा भाव तोच राहिला असेल तर आतलं वजन वाढलेलं असायला पाहिजे. जुनी पुडी आणि नवी पुडी शेजारी ठेवून बघा.

प्रश्न : युरियाच्या दोन थैल्या मागितल्या की सोबत द्रवखताची बाटली नाहीतर झिंकची पिशवी घ्यावीच लागते. नाही म्हटलं तर "युरिया संपला".
— ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. ४५ किलोच्या युरियाच्या थैलीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरलेली आहे. खत पॉस मशीनवर अंगठा घेऊन विकायचं असतं आणि मशीनची पावती मिळालीच पाहिजे. दुकानदाराकडे साठा किती याचा फलक दर्शनी भागात लावायचा असतो, तो आधी वाचा, मग "संपला" याचं उत्तर मागता येतं. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे खत निरीक्षकाचे अधिकार असतात. लेखी तक्रार तिथे द्या, एकट्याने नको, चार जण जा. आणि पऱ्हाटी पिवळी पडत चालली म्हणून बाटली घ्यावीच लागली, तर तिची वेगळी पक्की पावती मागा. पावती मागितली की कित्येकदा बाटली परत कपाटात जाते.

प्रश्न : बी, खत, फवारणीचं औषध सगळं मी एकाच दुकानातून उधारीवर घेतो. कापूसही त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला गावातच देतो. गेल्या मोसमात हमीभाव ८,११० होता आणि मला ७,३०० मिळाले. २० क्विंटल दिला. मुलगा म्हणतो दुकान बदला. पण अडीअडचणीला तोच उभा राहतो, हेही खरं आहे.
— एक कास्तकार, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : काकाजी, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले, कारण हे अर्ध्या वऱ्हाडाचं पत्र आहे.

दुकानदार वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. रात्री दवाखान्यात न्यायला पैसे लागले तर तोच देतो, बँक देत नाही. पण त्याच्या उधारीची किंमत काय, हे एकदा कागदावर मांडू. समजा रोखीने २० हजारांचा माल आहे आणि दिवाळीच्या बोलीवर तो २३ हजार लिहितो. पाच महिन्यांना ३ हजार. म्हणजे महिन्याला शेकडा ३, वर्षाला शेकडा ३६. हा झाला दिसणारा भाग.

न दिसणारा भाग कापसात आहे. ८,११० हा २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव, आणि तो ८ टक्के ओलाव्याला. तुमच्या कापसात १० टक्के ओलावा धरला तर २ टक्के कपात होऊन साधारण ७,९५० उरतात. गाडीभाडं आणि हमालीचे क्विंटलमागे १५० धरा. हाती पडले असते ७,८०० च्या आसपास. तुम्हाला मिळाले ७,३००. म्हणजे वरवर दिसतो तसा आठशेचा फरक नाही, पण पाचशेचा आहे. २० क्विंटलला १० हजार. वरचे ३ हजार मिळवा. २० हजारांच्या मालावर पाच महिन्यांत १३ हजार गेले, आणि यात गावातल्या लटकत्या काट्याने किती खाल्लं ते धरलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. पीककर्ज मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत आपल्या राज्यात व्याज लागत नाही, केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून ते शून्यावर येतं. शेकडा ३६ कुठे आणि शून्य कुठे! तुम्ही थकबाकीदार नसाल तर एप्रिलमध्येच सोसायटीत किंवा बँकेत जा. जूनमध्ये गर्दी असते, कागद अडतात, आणि मग माणूस दुकानाकडे वळतो. थकबाकी असेल तर पहिला पैसा ती मिटवायला वापरा. मुलीच्या लग्नाचं, घराच्या स्लॅबचं त्याच्या मागून पाहू.

दुकान एकदम बदलू नका. एकदम सोडलं तर तो जुनी बाकी एका दमात मागेल आणि गावात बोलाचाली होईल. यंदा फक्त बियाणं रोखीने घ्या. बीजी-२ कापसाच्या पाकिटाची किंमत सरकार ठरवतं, २०२५ ला ती ९०१ रुपये होती, त्यामुळे किती पैसे बाजूला ठेवायचे त्याचा अंदाज आधीच येतो. कापसाचा पहिला चुकारा आला की तेवढी रक्कम घरच्या बाईच्या खात्यात टाका, स्वतःच्या खिशात नको. पुढच्या वर्षी खत. त्याच्या पुढच्या वर्षी औषध. दुकानदार तोच राहू द्या, फक्त समोर रोख ठेवा आणि भाव विचारा.

कापसाचंही तसंच, सगळा एकदम सरकारी खरेदी केंद्रावर न्यायची गरज नाही. सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली की पहिल्या वेचणीचा थोडा कापूस देऊन घरखर्च आणि मजुरी भागवा. नंतरचा चांगला कापूस वेगळा ठेवा, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) त्यात मिसळू देऊ नका, एक-दोन कडक उन्हं दाखवा. १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर सरकारी केंद्र गाडी परत पाठवतं, आणि परत आलेली गाडी व्यापारी पडत्या भावात घेतो. ई-पीक पाहणी वेळेत करा, सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसेल तर नोंदणीच होत नाही. २०२५ पासून नोंदणी "कपास किसान" ॲपवर आहे, ती मुलाकडून करून घ्या. ज्याने दुकान बदला म्हटलं त्याला हे काम द्या.

प्रश्न : आईने रोवणीच्या वेळी गटातून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं कर्ज काढलं. एका कंपनीने कर्जासोबत मिक्सर घ्यावाच लागते म्हणून पैसे कापून घेतले. दर आठवड्याला हप्ता आहे. मागचा हप्ता चुकला तर त्यांची माणसं रात्री आठ वाजता गटातल्या बाया घेऊन दारात बसली. आई दोन दिवस जेवली नाही.
— एक मुलगी, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : बेटा, आईला आधी सांग, की हप्ता चुकणं हा गुन्हा नाही. पोलीस येत नाहीत, घराला कुलूप लागत नाही. हे कर्ज विनातारण असतं.

रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून या कर्जांना नियम घातलेले आहेत आणि ते सगळ्या कंपन्यांना लागू आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करणं हे जाचक वर्तन धरलं जातं. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आला नाही, तरच घरी येता येतं. नातेवाईक, शेजारी, गटातल्या बायांना पुढे करून बेइज्जती करणं चालत नाही. मिक्सर, मोबाइल, विमा, काहीही कर्जासोबत गळ्यात बांधता येत नाही, घ्यायचं की नाही हे पूर्णपणे आईच्या मर्जीवर. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, हे पाहूनच कर्ज द्यायचं असतं. दुसऱ्या कंपनीने ते पाहिलं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

करायचं काय? दोन्ही कर्जांची कार्डं आणि तुम्हाला समजेल अशा भाषेतला कर्जाच्या माहितीचा कागद काढून ठेव. तो दिला नसेल तर लेखी मागा. रात्री आलेल्या माणसाचं नाव, वेळ, बोलणं त्याच रात्री वहीत लिही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, नंबर कर्जाच्या कार्डावर असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

गटातल्या ज्या बाया दारात बसल्या त्यांच्यावर राग धरू नका. त्यांना "ही भरणार नाही तोवर तुम्ही घरी जायचं नाही" म्हणून आणलेलं असतं. त्यांच्याही चुली तोवर थंड असतात. या धंद्यातला सगळ्यात क्रूर भाग हाच आहे, की एका गरीब बाईला दुसरीच्या अंगावर सोडतात. त्या बायांसोबत बसून हा नियम वाचा. पुढच्या वेळी आठ जणींनी मिळून सांगितलं, की सहानंतर आम्ही कुणाच्या दारात जाणार नाही, तर वसुलीवाला काय करेल?

कर्ज मात्र फेडावं लागेल. "मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ होणार आहे" असं कुणी सांगत फिरत असेल आणि त्यासाठी फॉर्मचे पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. दुसऱ्या कर्जाचा हप्ता भरायला तिसरं कर्ज काढू नका. धानाचा चुकारा आला की जे कर्ज लहान असेल ते पूर्ण मिटवा. मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. एक हप्ता कमी झाला की आईला श्वास घेता येईल.

प्रश्न : मी बारावी झाली आहे, लग्न होऊन वर्ष झालं. घरचा हिशेब मी लिहिते. गावात एकच दुकान आहे. पावती मागितली तर दुकानदार माझ्या सासऱ्यांना म्हणतो, "भरोसा नसन तं दुसरीकून आन." घरी बोलणी बसतात. पावती मागायची कशी?
— ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : तू हिशेब लिहितेस हे वाचून फार बरं वाटलं. तो सोडू नकोस.

कायदा तुझ्या बाजूने आहे. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. खराब निघालेला माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. पण एकच दुकान असलेल्या गावात नव्या सुनेने कायदा वाचून दाखवावा, असं मी सांगणार नाही. सासऱ्यांनाही उद्या त्याच्याच ओट्यावर बसायचं आहे.

मीठ-मिरचीची पावती मागू नकोस. बियाणं, खत, औषध, पंखा, मिक्सर, मोबाइल, जे बिघडलं तर नुकसान हजारांत जाईल, त्याचीच माग. त्याचं बिल सासऱ्यांनी मागितलेलं बरं, आणि कारण सांगायचं की कर्जाच्या फायलीला, गॅरंटीला लागतं. रोजच्या सामानाला एक छोटी वही दुकानात नेत जा. तो त्याच्या वहीत लिहितो तेव्हाच तूही तारीख, वस्तू, वजन, भाव लिही आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज जुळव. यात त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही, उलट त्यालाही सोपं जातं. शक्य तेव्हा पैसे फोनवरून द्या. काट्यावर त्या वर्षाचा वैधमापनचा शिक्का आहे का, ते न बोलता पाहून ठेव, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो.

तालुक्याच्या आठवडी बाजाराला घरातलं कुणी जात असेल तर तेल, डाळ, साबण, चहापत्ती या चार वस्तूंचे तिथले भाव विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. दोन महिने लिहून झाले की वही सासऱ्यांपुढे ठेव आणि तुझ्या हाताने काढलेली बेरीज त्यांना वाचू दे. त्या बेरजेत सगळ्यात जास्त पैसा कोणत्या तीन वस्तूंवर गेला, ते मलाही कळव. पुढच्या अंकात त्यावर लिहिते.